चव्वेचाळीस हजारांचा कर गेला. मग आता पीपीएफ कशाला?

१ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पानंतर पगारदार घरांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला. बारा लाखांपर्यंत कर लागणार नसेल, तर पीपीएफ, म्हणजे पंधरा वर्षांचं सरकारी बचत खातं, आणि पॉलिसीचे हप्ते चालू कशाला ठेवायचे? खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका घराचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण कर, कर्ज आणि बचत यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे.

घर नाशिकचं. नवरा एक्केचाळीस वर्षांचा, सातपूरच्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर. दिवाळीच्या साठ हजारांच्या बोनससह वर्षाचा पगार ९,६०,०००. मूळ पगार महिना ४०,०००, त्यावर बारा टक्क्यांनी वर्षाला ५७,६०० रुपये पीएफमध्ये जातात. बायको घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिचे महिन्याला साधारण आठ हजार सुटतात. मुलगी सात वर्षांची. आई अडुसष्ट वर्षांच्या, त्यांना वडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. घरावर कर्ज आहे, शिल्लक साधारण अकरा लाख, व्याज साडेआठ टक्के, हप्ता १३,०००. हप्ता, शाळेची फी, आईंची औषधं सगळं धरून महिन्याचा खर्च साठ हजारांच्या आसपास जातो.

जून २०२५मध्ये ते माझ्याकडे २०२४-२५चं रिटर्न भरायला आले, तेव्हा नवऱ्याच्या मनात निर्णय पक्का होता. शॉपमधल्या सहकाऱ्यानं सांगितलं होतं, ‘अरे, ८०सी गेलं आता. पीपीएफमध्ये पाचशे टाक आणि खातं जिवंत ठेव, बस.’ ८०सी म्हणजे पीपीएफ, विमा अशा ठिकाणी टाकलेले पैसे दीड लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारं आयकराचं कलम. उरलेल्या पैशात गाडीचा हप्ता बसतो, हे गणितही मांडून झालं होतं. बायकोला ते पटत नव्हतं. ‘अहो, दरवर्षी तेवढे पन्नास हजार तरी बाजूला पडतात. तेही थांबवले तर काय राहील?’ एवढंच ती म्हणाली.

दोघांचंही म्हणणं तपासण्याआधी जुन्या वर्षाचा हिशोब उलगडावा लागला, कारण खरी गोम तिथेच होती.

२०२४-२५साठी त्यांनी कंपनीला जुनी कररचना (८०सीसारख्या वजावटी मिळतात ती) कळवली होती. पगार ९,६०,००० आणि ८०,००० रुपयांच्या मुदत ठेवीचं व्याज ५,६००. त्यातून पगारदाराला सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचं व्याज ९६,०००, आरोग्य विम्याचा हप्ता १८,००० आणि ८०सीचे पूर्ण १,५०,००० वजा केले, की करपात्र उत्पन्न ६,४९,१०० उरतं. त्यावर चार टक्के उपकरासह कर ४४,०१०.

आता ८०सीच्या त्या दीड लाखात काय काय होतं ते बघू. पीएफचे ५७,६००. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड ६०,०००. एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीचा हप्ता २४,०००. एवढ्यावरच बेरीज १,४१,६०० होते. म्हणजे पीपीएफमध्ये टाकलेल्या पन्नास हजारांपैकी फक्त ८,४०० रुपये वजावटीला उपयोगी पडले आणि त्यांनी वाचवलेला कर होता १,७४७ रुपये. उरलेले ४१,६०० रुपये मर्यादेबाहेर सांडत होते. ज्या खात्याला हे घर इतकी वर्षं ‘टॅक्स सेव्हिंग’ म्हणत आलं, ते खातं कर्ज घेतल्यापासून कर जवळजवळ वाचवतच नव्हतं. ते करत होतं दुसरंच काही, आणि त्याची दखल कोणी घेतली नव्हती.

ही स्थिती अपवादात्मक नाही. पीएफ कापला जातो आणि गृहकर्ज चालू आहे अशा बहुतेक घरांत ८०सीची मर्यादा, जी २०१४पासून दीड लाखावरच थांबलेली होती, आपोआप भरत आलेली असते. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘काहीतरी टाकायला हवं’ म्हणून धावपळ होते. या घरातली पॉलिसीही अशाच एका मार्चमध्ये घेतलेली. चौघांचं घर ज्याच्या पगारावर चालतं त्याचं विमाछत्र पाच लाखांचं! मला या हिशोबात सगळ्यात जास्त हीच गोष्ट खुपली. कर वाचवण्याच्या नादात विमा खरेदी झाला, पण घराला त्याची खरी गरज किती, हे कोणी विचारलंच नाही.

त्याच वर्षाचा कर नव्या रचनेत (दर कमी, पण ८०सीसारख्या वजावटी नाहीत) काढला तर तो येतो ४०,६२०. म्हणजे अर्थसंकल्पाच्या आधीच नवी रचना ३,३९० रुपयांनी स्वस्त होती. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न मुदतीत भरताना रचना बदलता येते. कंपनीला आधी काय कळवलं होतं, ते आड येत नाही. कंपनीनं पगारातून ४२,८५० कापले होते. जुन्या रचनेत ठेवीच्या व्याजापोटी वरचे १,१६० भरावे लागले असते. नवी निवडल्यावर ते टळले आणि २,२३० रुपये परत मिळणार होते. तेवढं काम त्याच बैठकीत उरकलं.

नव्या रचनेतलं २०२५-२६चं चित्र त्याहून सोपं. पगार तेवढाच धरला, तर ७५,००० प्रमाणित वजावटीनंतर करपात्र उत्पन्न ८,९०,६००. नव्या टप्प्यांनुसार चार लाखांपर्यंत शून्य, चार ते आठवर पाच टक्के, आठ ते बारावर दहा टक्के. कर येतो २९,०६०, आणि ८७ए कलमाची साठ हजारांपर्यंतची सवलत तो पूर्ण पुसून टाकते. पण बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न कायद्यानं करमुक्त झालेलं नाही, कर लागू होऊन मग माफ होतो. हा फरक कागदी नाही. एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर असलं की रिटर्न भरावंच लागतं, कर शून्य असला तरी. शेअर किंवा फंड विकून झालेल्या भांडवली नफ्याला, ज्यावर वेगळा दर लागतो, ही माफी मिळत नाही. आणि बारा लाखांच्या रेषेवर काय होतं, तो तर या प्रकरणाचा गाभाच आहे, तिकडे येऊच.

तर जुन्या रचनेच्या तुलनेत वर्षाला ४४,०१० रुपये मोकळे झाले, म्हणजे महिन्याला ३,६६८. आता नवऱ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं भाग होतं, आणि ते प्रामाणिक उत्तर सुरुवातीला त्याच्याच बाजूचं आहे.

पीपीएफचा दर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्क्यांवर थांबला आहे. १९८६ ते जानेवारी २०००पर्यंत याच खात्यावर बारा टक्के मिळत होते, हे जुन्या पिढीला आठवत असेल. त्या वेळी बँकेच्या मुदत ठेवीचा दर त्याच्या आसपासच फिरत होता, आणि या घराचं उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्यामुळे ठेवीच्या व्याजावरही २०२५-२६मध्ये प्रत्यक्षात कर लागणार नव्हता. म्हणजे ‘पीपीएफचं व्याज करमुक्त’ या गोष्टीची आजच्या घडीला किंमत जवळपास शून्य. शिवाय साडेआठ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर आहे आणि नव्या रचनेत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावटही नाही. निव्वळ आकडेमोड केली तर पन्नास हजार पीपीएफमध्ये टाकण्यापेक्षा कर्जात भरणं जास्त फायद्याचं. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

मग तरीही पीपीएफ चालू ठेवा असं का म्हटलं?

पासबुक उघडून पाहिलं. खातं २०१३-१४मध्ये उघडलेलं, दरवर्षी मार्चअखेरीला ५०,०००. बारा हप्त्यांत सहा लाख भरले, ३१ मार्च २०२५ची शिल्लक नऊ लाख सतरा हजारांच्या आसपास. या रकमेवर एका वर्षात सुमारे ६५,००० रुपये व्याज जमा होणार आहे, म्हणजे ते टाकतात त्या रकमेपेक्षा जास्त. आणि हे व्याज एकूण उत्पन्नात धरलंच जात नाही, जुन्या रचनेत नाही आणि नव्यातही नाही. लोकांचा घोटाळा होतो तो इथे. नव्या रचनेत गेली ती पैसे टाकतानाची वजावट. वाढीवरची आणि काढतानाची करमुक्ती तशीच आहे.

ठेवीचं व्याज आणि पीपीएफचं व्याज यांतला फरक आज दिसत नाही, पण हे घर बारा लाखांच्या रेषेला पोचेल तेव्हा दिसेल. दरवर्षी सहा टक्के पगारवाढ धरली तर पाचव्या वर्षी पगार पावणेतेरा लाखांच्या पुढे जातो. समजा त्या वर्षी प्रमाणित वजावटीनंतरचं उत्पन्न १२,१०,००० आहे. रेषा ओलांडल्यावर एकदम साठ हजारांचा बोजा पडू नये म्हणून कायदा म्हणतो, की बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नको. म्हणून कर १०,००० आणि उपकर ४००. आता त्यात ठेवीच्या व्याजाचे ४०,००० मिळवा. उत्पन्न १२,५०,०००, कर ५०,०००, उपकर २,०००. म्हणजे चाळीस हजार व्याज मिळालं आणि त्यापायी कर वाढला ४१,६०० रुपयांनी. सगळं व्याज गेलं, वर पदरचे सोळाशे गेले. बारा लाख ते साधारण बारा लाख सत्तर हजार या पट्ट्यात मिळालेला प्रत्येक जादा रुपया असाच जातो. पीपीएफचं व्याज मात्र या मोजणीत येतच नाही.

पाच वर्षांनी ही रेषा इथेच असेल असं नाही, अर्थसंकल्प ती हलवू शकतो. पण रेषा कुठेही असली तरी तिच्या जवळपास आलेल्या घराला उत्पन्नात न मोजली जाणारी रक्कम हाताशी असणं मोलाचं ठरतं. आणि पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाहून जास्त टाकता येत नाही. ऐनवेळी पैसे आत सरकवता येत नाहीत. वर्षं जाऊ द्यावी लागतात. या घरानं ती बारा वर्षं आधीच मोजली आहेत.

दुसरं कारण सवडीचं. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या दिवशी परत मागता येत नाही. पीपीएफबद्दल लोक ‘पंधरा वर्षं अडकला’ म्हणतात, पण सातव्या आर्थिक वर्षापासून अंशतः काढता येतो. चार वर्षांपूर्वीची शिल्लक आणि गेल्या मार्चची शिल्लक, यांतली जी कमी तिच्या निम्म्यापर्यंत. या खात्यातून २०२५-२६मध्ये सुमारे तीन लाख निघू शकतात, एक रुपयाही कर न लागता. शिवाय सावकारी देण्यापोटी कोर्टाच्या हुकमानं या शिलकीवर जप्ती येत नाही. फक्त आयकराच्या थकबाकीला ते संरक्षण नाही. खातं जितकं जुनं, तितकं ते मोकळं होत जातं. म्हणून नवीन खातं उघडणाऱ्याला मी जे सांगेन ते यांना लागू नाही. तेविशीतल्या मुलाला कर्ज असेल तर मी कदाचित आधी कर्जच फेडायला सांगेन.

कॅनडात २००९पासून सामान्य माणसासाठी करमुक्त बचत खातं आहे. टाकताना वजावट नाही, वाढीवर कर नाही, कधीही काढा, आणि काढलेल्या रकमेइतकी जागा पुढच्या जानेवारीत पुन्हा मिळते. २०२५ची मर्यादा ७,००० डॉलर. तिकडे गेलेल्या मराठी पोरांकडून या खात्याचं कौतुक ऐकलं की इथे विचारतात, ‘आपल्याकडे असं काही का नाही?’ माझं मत असं, की नवी कररचना घेतलेल्या माणसासाठी पीपीएफ न बोलता तेच झालं आहे. कमी आहे ती सहज काढण्याच्या मुभेची. आपल्याकडे साध्या घरासाठी, वर्षाला पन्नास हजारांपुरतं का होईना, पण कधीही हात घालता येईल असं करमुक्त खातं हवं, ही मागणी मला रास्त वाटते. बारा लाखांपर्यंतची माफी आजच्या पगाराला दिलासा देते. पण दरवर्षी थोडं बाजूला टाकायला लावणारा जो रेटा ८०सीमध्ये होता, तो तिनं काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

आता घरातल्या बायकांच्या पैशाकडे. बायकोनं फेब्रुवारी २०२४मध्ये शिलाईच्या आणि भिशीच्या पैशातून एक लाख महिला सन्मान बचत पत्रात ठेवले होते. साडेसात टक्क्यांनी दोन वर्षांत त्याचे १,१६,०२२ होतात. ती योजना मार्च २०२५अखेर नव्या ठेवींसाठी बंद झाली, त्यामुळे फेब्रुवारी २०२६मध्ये पैसे हातात येतील तेव्हा ते कुठे ठेवायचे हा प्रश्न. नवऱ्याला ते कर्जात भरावेसे वाटत होते. मी नको म्हटलं. घराच्या चार महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे २,४०,००० चा आपत्कालीन साठा या घराकडे नाही, आहे ती फक्त ८०,०००ची ठेव. त्यात यंदा मोकळा झालेला कर ४४,००० आणि तिचे १,१६,००० मिळवले की बरोबर तेवढे होतात. तिची ठेव तिच्याच नावावर राहील. हे तिचं स्वतःचं कमावलेलं असल्यामुळे व्याज तिच्याच उत्पन्नात मोजलं जाईल आणि तिला कर लागणार नाही. नवऱ्यानं आपले पैसे तिच्या नावे ठेवले असते तर व्याज पुन्हा त्याच्याच उत्पन्नात जोडलं गेलं असतं. बऱ्याच घरांत ‘बायकोच्या नावावर एफडी केली, आता कर नाही’ असं समजतात. तसं ते नाही.

आईंचे सहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला १२,३००. त्यांचं सगळं उत्पन्न करमर्यादेच्या आत बसतं. तिथे काहीच हलवायचं नव्हतं, आणि हलवलं नाही.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडायचं का, यावर मात्र बराच वेळ गेला. दर ८.२ टक्के, करमुक्त, आणि दहा वर्षांच्या आत उघडावं लागतं. नवऱ्याला महिना दोन हजार टाकायचे होते. वर्षाला चोवीस हजार, पंधरा वर्षं. दर कायम राहिला तर एकविसाव्या वर्षी अकरा लाखांच्या आसपास. आकडा छान दिसतो. पण तेव्हा मुलगी अठ्ठावीस वर्षांची असेल. ती अठरा वर्षांची होईल तेव्हा खात्यात साधारण ४,२२,००० असतील आणि शिक्षणासाठी त्यातले निम्मेच, म्हणजे २,११,००० काढता येतील. बायको लगेच म्हणाली, ‘कॉलेजला पैसे अठराव्या वर्षी लागतील. अठ्ठाविसाव्या वर्षीचे घेऊन काय करायचं?’ तिचं बरोबर होतं. त्यावर ठरलं ते असं: खातं आत्ता उघडून ठेवायचं, कारण वय निघून गेलं की ते दार बंद, पण महिना पाचशेच टाकायचे. शिक्षणाची खरी पुंजी पीपीएफच.

आपत्कालीन साठा पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०२६-२७पासून, महिन्याचे ३,६६८ असे वाटले: १,५०० कर्जात जादा, ५०० सुकन्यात, आणि उरलेले १,६६८ नवऱ्याच्या शुद्ध मुदत विम्यासाठी (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घराला पैसे देणारा). कर्जात एवढीशी भर घातली तरी ते साधारण अठरा महिने आधी फिटतं आणि व्याजाचे साधारण ऐंशी हजार वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाला आधी फेडल्याचा दंड नसतो. पॉलिसीचे नऊ हप्ते भरून झाले होते, आता मोडली तर तोटा, म्हणून ती चालू ठेवली. पण विमा म्हणून तिच्यावर विसंबणं थांबवलं. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी उठला. विमा कंपनीनं दर तोच ठेवला तर आरोग्य विम्याचा १८,०००चा हप्ता सव्वापंधरा हजारांवर येतो.

गाडीचं काय, हे नवऱ्यानं शेवटी विचारलंच. मुदत विमा घ्यायच्या आधी गाडीचा हप्ता नको, एवढं मी स्पष्ट सांगितलं. तो नाराज झाला, पण पाच लाखांच्या विम्यात घर किती महिने चालेल हे त्यानं स्वतःच भागून पाहिलं होतं.

पीपीएफच्या पन्नास हजारांत एकच बदल केला. आजवर दिवाळीचा बोनस बचत खात्यात पडून राहायचा आणि मार्चअखेरीला ‘टॅक्ससाठी’ भरला जायचा. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही, त्यामुळे मार्चच्या भरण्यावर त्या वर्षीचं व्याज शून्य. आता ५ नोव्हेंबरच्या आत भरायचं. वर्षाला १,४७९ रुपयांचा फरक. म्हणजे कर वाचवून मिळत होते त्याहून फक्त अडीचशे-पावणेतीनशे कमी, आणि तेही केवळ तारीख बदलून.

खात्याची मूळ मुदत ३१ मार्च २०२९ला संपेल. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची असेल. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत फॉर्म ४ भरून पाच वर्षांसाठी वाढवली, तर भरणा चालू ठेवता येतो आणि त्या पाच वर्षांत मिळून सुरुवातीच्या शिलकीच्या साठ टक्क्यांपर्यंत, वर्षातून एकदा, रक्कम काढता येते. फॉर्म न भरता पैसे टाकत राहिले तर त्या नव्या पैशावर व्याज मिळत नाही. ही तारीख बायकोनं पासबुकच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.